खाटेखालची घागर

माझी नात नर्स आहे, पण वॉर्डातली नव्हे. अत्यवस्थ पेशंटला एका दवाखान्यातून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात न्यायच्या गाडीत तिची ड्यूटी असते. त्या गाडीत म्हणे श्वास देणारं यंत्र असतं, हृदयाची रेघ दाखवणारा पडदा असतो, थेंब थेंब औषध ढकलणारा पंप असतो. मागच्या दिवाळीत ती कसल्याशा परीक्षेचा अभ्यास घेऊन माझ्याकडं आली आणि ओट्यावर बसून मोठ्यानं घोकत राहिली. गाडी हलायच्या आधी काय काय तपासायचं, ड्रायव्हरशी काय ठरवून घ्यायचं, नातेवाइकांना काय सांगायचं. मी शेंगा फोडत ऐकत होते. मग एक ओळ आली : 'रुग्ण प्रतिसाद देत नसला तरी त्याला ऐकू येत आहे असे समजूनच बोलावे.'

मला असा ठसका लागला की शेंगदाणा नाकात चढला.

"काय झालं ग आज्जी?"

"काही नाही. ही ओळ माझी आहे."

"तुझी? हे पुस्तक तू लिहिलंस?"

"पुस्तक नाही. एवढी ओळ. तीसुद्धा हातानं नाही लिहिली, तोंडानं लिहिली. बस, सांगते."

तिला सांगितलं तेच इथं लिहिते आहे. तिथं ती मधेमधे हसत होती, म्हणून नीट सांगता आलं नव्हतं.

मी तेव्हा नवी नर्स होते आणि नवी सून होते, आणि दोन्हींत आपल्याला काही शिकायचं राहिलंय असं मला वाटत नव्हतं. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात मला नोकरी लागली होती. आमचे हे तिथल्याच प्रयोगशाळेत. कॉलनीत दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. दुष्काळ होता. बहात्तरचा नव्हे, पुष्कळ नंतरचा. आमच्या बीड जिल्ह्यात टंचाई पाण्याची असते, दुष्काळांची कधी नव्हती. उसाचं टिपरू नाही म्हणून कारखाना गार पडला होता आणि जिथं उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या आवारात जनावरांची छावणी उघडली होती. गावोगावची माणसं आपापली गुरं घेऊन तिथंच पालं ठोकून राहिली होती.

कॉलनीत टँकर यायचा. घरटी ठरलेल्या घागरी. त्यातली एक घागर मी रोज एकेक तांब्या चोरून भरत आणली होती आणि माझ्या खाटेखाली, ट्रंकेच्या मागं, जुन्या लुगड्यानं झाकून ठेवली होती. कशासाठी? दसऱ्याला केस धुवायला. माझे केस तेव्हा कमरेच्या खाली होते. सबंध कॉलनीत असे केस दुसऱ्या कुणाचे नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. आणखी एक सांगते. लोकांना भात बघायला मिळत नव्हता त्या दिवसांत माझ्या पांढऱ्या साडीला तांदळाची कांजी असायची. मी चालले की साडीचा पुठ्ठ्यासारखा आवाज यायचा. तो आवाज मला फार आवडायचा.

कारखान्यानं अँब्युलन्स घेतली होती. मागं पेशंटची खाट, कडेला ऑक्सिजनचा सिलिंडर, पुढं ड्रायव्हर आणि मधे काच, तीसुद्धा पक्की बसवलेली. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. मिशीवाला, सावकाश बोलणारा माणूस. मला तो 'सिस्टरबाई' म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याच्या मिशीत काहीतरी हलायचं.

तर खंडेनवमी आली. कारखान्यात हा सण मोठा. वर्कशॉपमधे पाट मांडून सगळी हत्यारं देवापुढं ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विसावा. फिटरनी पाने-हातोडे आणले, छावणीतल्या बायकांनी विळे आणले, ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कोयते आणले. चेअरमनच्या मंडळीही येणार होत्या. मग मी कशी मागं राहते? मी माझी हत्यारं नेली. कात्री, चिमटे, घशातला चिकटा ओढून काढायचं पायानं दाबायचं यंत्र आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी. ती चावी मी राखेनं घासून अशी चमकवली होती की सगळ्या पाटावर तीच उठून दिसत होती. चेअरमनच्या बाईसाहेबांनी विचारलं, "ही कशाची?" मी जरा मोठ्यानं सांगितलं, "श्वासाची."

बघा म्हणजे.

एकच वस्तू मी नेली नाही. काळ्या रबराची एक फुगीर पिशवी होती, पुढं तोंडावर बसवायचा मुखवटा. पेशंटचा श्वास थांबला तर ती हातानं दाबून छातीत हवा भरायची. पण दिसायला ती म्हणजे थेट भरताचं वांगं. चेअरमनच्या बाईसाहेबांपुढं वांग्याला कुंकू कसं लावायचं, म्हणून लाज वाटून मी ती गाडीतल्या पेटीतच राहू दिली.

आरती झाली, वर्कशॉपला कुलूप लागलं आणि कुलपाची किल्ली घेऊन स्टोअरकीपर सणाला आपल्या गावी गेला. आमचे डॉक्टर आदल्या दिवशीच गेले होते. जाताना म्हणाले, "सांभाळाल ना सिस्टर?" मी म्हटलं, "त्यात काय!"

दुपारी छावणीतून आरडाओरडा आला. एक तरुण बाई, तेलगावकडच्या वस्तीवरची, कडब्याची पेंढी उचलायला गेली आणि खाली नाग होता. हाताला चावला. नवऱ्यानं तिला पाठुंगळीला मारून आणली होती आणि मागून बायकांचा घोळका : मारुतीच्या देवळात न्या, कडुनिंबाचा पाला चारा, कडू लागला तर वाचंल.

"कडूच लागणार, पाला आहे तो!" मी म्हटलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. इथपर्यंत मी बरी होते, खोटं कशाला बोलू. हाताला फळी बांधली, सलाईन लावलं, तिला हलू दिलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, पापण्या जड झालेल्या.

"बाई," ती म्हणाली, "मला तुमी दोन दोन दिसायलात."

"एकच पुरे आहे मी," मी म्हटलं, आणि मग ती काय म्हणाली ते डोक्यात शिरलं. दोन दोन दिसणं, पापण्या मिटणं, बोलणं जड होणं : विष डोळ्यांपासून सुरू होऊन खाली उतरतं आणि शेवटी छातीचा भाता बंद पाडतं, हे मी शिकले होते. उतारा बीडच्या सरकारी दवाखान्यात. तिथं पोचेपर्यंत तिचा श्वास चालू ठेवणं एवढंच काम, आणि ते करायला त्या सगळ्या आवारात मी एकटी.

नवरा तिच्याजवळ मागं चढायला लागला.

"नातेवाईक पुढं बसतील," मी म्हटलं.

"म्या हितंच बसतो की बाई, तिच्यापाशी."

"नियम आहे."

असा काही नियम नव्हता. ट्रेनिंगला असताना आमची एक मेट्रन तसं म्हणायची आणि म्हणताना फार रुबाबदार दिसायची, एवढंच.

गाडी निघाली. वडवणी जवळ आली तसा तिचा श्वास उथळ व्हायला लागला. ऑक्सिजन लावावा म्हणून मी मोठ्या ऐटीत सिलिंडरकडं वळले आणि हात चावीच्या खुंटीवर नेला. खुंटी रिकामी.

मला आधी वाटलं, कुणीतरी चोरली! त्या चोराला मी मनात दोन शिव्याही घातल्या. मग चोर कोण ते आठवलं.

काच बडवून मी गाडी थांबवली. मामा मागं आला. "काय झालं सिस्टरबाई?"

"चावी. सिलिंडरची चावी."

"ती तर तुमी देवाफुडं मांडली न्हवं? म्या बघितली की. फूल बी वाह्यलंत तुमी तिला."

"तुमचा पाना द्या एखादा!"

"माझे पाने बी तितंच. आज खंडेनवमी हाय, सिस्टरबाई. आज कुनापाशी लोखंड गावायचं न्हाई."

नवरा खाली उतरून माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. "समदं ठीक हाय ना, बाई?"

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं, "पुढं बसा. आणि मामा, जोरात घ्या."

पुन्हा निघालो. मी चिमट्यानं झडप फिरवायला गेले तर चिमटेही देवापुढं. केसातली पिन घातली, ती वाकली. दात लावले, तर दात शहाणे, ते माघारी आले. आणि मागं वळून बघते तर तिची छाती हलत नव्हती. ओठ निळे. डोळे मिटलेले.

तेव्हा ते वांगं आठवलं.

पिशवी काढून तिच्या डोक्याशी गेले. गुडघ्यावर बसायला जावं तर कांजीची साडी वाकेना. ती बकोटीला धरून गुडघ्याच्या वर खोचली, कारखान्याची नर्स नव्हे, भात लावायला निघालेली बाई दिसत असणार. तिचं डोकं दोन गुडघ्यांत धरलं, मान मागं, जबडा वर ओढला, मुखवटा तोंडावर दाबला आणि पिशवी पिळली. छाती उचलली नाही. कडेनं हवा फुसकन निघून गेली. पुन्हा दाबला, पुन्हा फुस. तिसऱ्यांदा करंगळी जबड्याखाली नीट बसली आणि छाती उचलली. एवढीशी, पण उचलली. मला सिलिंडरची सगळी मिजास त्या वेळी कळली. साधी, गाडीत भरलेली धुळीची हवासुद्धा माणसाला चालते, फक्त कुणीतरी ती आत ढकलायला हवी.

दाबायचं, सोडायचं. छाती उचलते का बघायचं. घशात चिकटा साठला की मान वळवून, बोटाला पदर गुंडाळून पुसून घ्यायचा, कारण ओढायचं यंत्र वर्कशॉपमधे आरामात कुंकू लावून बसलं होतं. रस्त्यात खड्डा आला की मुखवटा सुटायचा. मी स्वतःच्या श्वासावर तिचा श्वास धरला : मी घेतला की तिला द्यायचा. भीतीनं माझाच श्वास धापा टाकायला लागला तर तिलाही धापा लागल्या. मग स्वतःला आधी शांत करणं आलं, आणि मला शांत व्हायला एकच गोष्ट यायची. बोलणं.

मी बोलायला लागले. समोर निपचित पडलेली बाई, पापणी हलत नाही, बोट हलत नाही. भिंतीशी बोलावं तसं.

"मरू नको ग बाई. माझी पहिलीच गाडी आहे. तू गेलीस तर सगळे म्हणतील, हिनं मारली. चावी नाही ग माझ्याकडं. चेअरमनच्या बायकोला दाखवायला नेली. श्वासाची म्हणे! थोबाड फोडा माझं. अगं, मी वाईट नाही. म्हणजे, आहे थोडी. माझ्या खाटेखाली घागर आहे पाण्याची, कुणाला माहीत नाही. दसऱ्याला केस धुवायचे होते. सासूबाई तांब्याभर पाण्यात अंघोळ करतात आणि मी... त्यांचं पिठलं खारट असतं पण ग. रोज खारट. मी नाही म्हणत कधी, उलट म्हणते वा वा. तू जग. तू जगलीस तर मी नारायणगडाला अनवाणी येईन. बीडपासून चालत येईन. सासूबाईंच्या पिठल्याला खरंच वा म्हणेन. ती घागरसुद्धा देऊन टाकीन, तुलाच देईन, घे!"

मी, जी बायकांना कडुनिंबाच्या पाल्यावरून हाकलून आले होते, ती चालत्या गाडीत नवस बोलत होते, तोही हप्त्याहप्त्यानं वाढवत.

थोड्या वेळानं हातात गोळे यायला लागले. बोटं मिटेनात. आता कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी मी स्वतःच काचेच्या पलीकडं बसवलं होतं. हात सोडता येईना म्हणून मागच्या पायानं काचेखालचा पत्रा ठोकला. मामानं गाडी जोरात घेतली. पुन्हा ठोकला. आणखी जोरात! मीच नव्हतं का सांगितलं, जोरात घ्या म्हणून. ठोकण्याचा दुसरा अर्थ आम्ही ठरवलाच नव्हता. तो बिचारा माझ्या लाथेगणिक गाडी पळवत होता आणि मी मागं फुटाण्यासारखी उडत होते. शेवटी दोन श्वासांच्या मधे पायातली चप्पल काढून काचेवर अशी हाणली की गाडी करकचून थांबली.

दार उघडलं. दोघांचे चेहरे पांढरे. त्यांना वाटलं, संपलं.

"गेली का?" नवरा म्हणाला.

"नाही. आत या. लवकर. ही पिशवी धरा."

"तुमी नियम..."

"चुलीत घाला नियम! या!"

तो आत आला. मी दोन्ही हातांनी मुखवटा आणि जबडा धरला, पिशवी त्याच्याकडं दिली. "किती दाबू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही श्वास घेता ना, तसं. छाती उचलली की सोडा." तो तिच्या तोंडाकडं बघत स्वतः मोठ्यानं श्वास घ्यायचा आणि पिशवी दाबायचा. बीड येईपर्यंत त्यानं तिच्यावरची नजर काढली नाही. आता मामाही गाडी बेतानं चालवत होता, खड्डा आला की ठरवल्याप्रमाणं आधी काचेवर थाप मारायचा आणि आम्ही मुखवटा घट्ट धरायचो. ओठांचा निळा रंग हळूहळू उतरला. नवऱ्यासमोर मी अर्थात एक शब्द बोलले नाही. मी पुन्हा सिस्टर झाले होते, एका पायात चप्पल असलेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला ताब्यात घेतलं. उतारा सुरू झाला, तिथल्या नर्सा आळीपाळीनं हवा देत राहिल्या. एका डॉक्टरांनी तिची पापणी बोटानं वर उचलली आणि कानाशी वाकून म्हणाले, "ऐकू येतंय ना? पायाचा अंगठा हलव."

अंगठा हलला. जरासाच, पण हलला.

नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडला. मीही रडले. आनंदानं. त्या हललेल्या अंगठ्याचा माझ्या घागरीशी काय संबंध आहे, एवढा विचार करायची अक्कल असती तर वेगळ्या कारणानं रडले असते.

दसऱ्याला मी घरी आले. केस धुतले नाहीत. सासूबाई घरातून हलेनात हे एक, आणि दुसरं म्हणजे सगळी कॉलनी कोरडी असताना कमरेखालचे ओले केस लपवणार कुठं? घागर लपवताना हा प्रश्न सुचलाच नव्हता. त्या दिवशी पिठलं होतं. मी म्हटलं, "वा." सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "आज मीठच इसरलेय मी," त्या म्हणाल्या.

पुढं काही दिवसांनी दवाखान्याच्या दारात ती उभी. नवऱ्याच्या आधारानं, हातावर पट्टी, अंगानं वाळलेली, पण डोळे टक्क उघडे. केसांचं पार घरटं झालेलं. मी ऐटीत पुढं गेले. आता ही पाया पडणार, माझे आभार मानणार, मी 'असू दे, असू दे' म्हणणार, असं सगळं मनात मांडून.

तिनं नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. मग माझ्या डोक्याकडं बघून म्हणाली :

"केस धुतले का, बाई?"

मला कळेना. मग कळलं. पायापासून कळत वर आलं.

"तू... तुला..."

"समदं ऐकू येत व्हतं. डोळं उघडंना, जीभ हलंना, बोट बी उचलंना. पर कान खुल्ले. तुमी गप बसला की मला वाटायचं, मेले आता. बोलायला लागला की वाटायचं, हाय अजून." मग ओठ दाबून म्हणाली, "पिठलं लई खारट अस्तंय का हो?"

"हळू बोल!"

"आन गडाचं काय ठरलं?"

"जाईन ना. जाणार आहे."

"कवा?"

"जाईन."

"म्या बी येते संगं. तुमी मधीच बसला तर फुडून वढायला कुनी पायजे." आणि ती आली. गडावर अनवाणी मी चालले, नवस माझा, फोड माझ्या पायाला. ती पायात वहाणा घालून शेजारून मजेत चालत होती. पण ते पुढचं.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "कुणाला सांगितलंस?"

"कुनाला न्हाई."

"का?"

"घागर तुमी मला दिली हाय न्हवं? माजी घागर म्या दुसऱ्याला कावून सांगू?"

सासूबाई हरिपाठाला गेल्यावर मी ती घागर खाटेखालून ओढून काढली आणि दवाखान्याच्या मागच्या बाजूला आणली. तिला दगडावर बसवली. शिकेकाई घरचीच होती, दसऱ्यासाठी कुटून ठेवलेली. तिच्या केसांतून छावणीची धूळ, कडब्याची कुसं, दवाखान्याचा वास, सगळं निघत होतं. मी तांब्या तांब्या ओतत होते, थेंब वाया जाऊ नये म्हणून खाली परात ठेवली होती, ते पाणी तिच्या बैलाचं अंग धुवायला जाणार होतं. मला काय बोलावं सुचत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

शिकेकाई डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिनं डोळे घट्ट मिटले होते. तोंडावरून पाणी ओघळत होतं.

"बोला की बाई," ती म्हणाली, "आता कावून गप?"